तीन विद्यापीठं आणि एक जाळं : मिशिगनच्या ‘मेरिट’चा इतिहास

आपल्या मंडळात आजवर वाचले गेलेले निबंध म्हणजे वाडे, बारवा, मोडी दप्तरं, गायकवाडी हुजूरहुकूम, फार तर एखादी जुनी नाटक मंडळी. त्यामुळे या महिन्यासाठी मी संगणकांच्या जाळ्याचा विषय दिला, तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी सरळच विचारलं, “अहो, हा इतिहास कसला? ही तर कालची गोष्ट.” कालची म्हणावी, तर ज्या जाळ्याबद्दल मी लिहितोय त्याची स्थापना १९६६ची. तेव्हा आपलं गुजरात राज्य जेमतेम सहा वर्षांचं होतं. आणि ज्यांनी हे जाळं विणलं त्यांची कागदपत्रं आज ॲन आर्बरच्या बेंटले ऐतिहासिक ग्रंथालयात जतन करून ठेवलेली आहेत. म्हणजे दप्तरखान्यात जाऊन बसण्याइतकं हे प्रकरण जुनं नक्कीच झालंय.

दुसरा आक्षेप असा की हे आपल्या गावचं नाही. खरंच नाही. ते अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं. पण वडोदऱ्याच्या माणसाला त्यातला मूळ प्रश्न परका वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावून घेतलं आणि संस्थानभर ग्रंथालयांची साखळी उभी केली, हे आपल्याला पाठ आहे. त्यातली फिरती ग्रंथालयं म्हणजे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या. त्या गावोगाव जायच्या, वाचून झाल्या की परत यायच्या. महागाची चीज एका ठिकाणी आहे आणि तिची गरज असलेली माणसं दहा ठिकाणी आहेत, तेव्हा काय करायचं? मिशिगनमध्ये हाच प्रश्न पुस्तकांऐवजी संगणकाबद्दल पडला, एवढाच फरक.

इंटरनेटचा इतिहास आपल्याकडे बहुधा एका वाक्यात उरकला जातो : अमेरिकी लष्कराने अणुयुद्धाच्या भीतीने जाळं बांधलं, त्याचं पुढे इंटरनेट झालं. यातली अणुयुद्धाची गोष्ट तर दंतकथाच आहे. आर्पानेटला पैसा संरक्षण खात्याचा होता हे खरं. पण हेतू मुख्यतः संशोधकांना एकमेकांची यंत्रं वापरता यावीत हा होता. २९ ऑक्टोबर १९६९ला त्यावरून कॅलिफोर्नियातल्या दोन संगणकांमध्ये पहिला संदेश गेला, ही तारीख सगळीकडे छापलेली असते. मात्र त्याच सुमाराला, लष्कराच्या खजिन्याला हात न लावता, एका राज्यातली तीन सरकारी विद्यापीठं आपसांत जाळं विणत होती. ही बाजू कोणी सांगत नाही. माझ्या मते पुढे जे झालं ते समजायला ती जास्त उपयोगाची आहे.

ही तीन विद्यापीठं म्हणजे ॲन आर्बरचं मिशिगन विद्यापीठ, ईस्ट लॅन्सिंगचं मिशिगन स्टेट आणि डेट्रॉइट शहरातलं वेन स्टेट. पहिलं १८१७चं, मानाचं. दुसरं १८५५मध्ये शेतकी महाविद्यालय म्हणून निघालेलं. तिसरं कारखान्यांच्या शहरात, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलांचं. पहिल्या दोघांमधली फुटबॉलची चुरस अशी, की सामन्याच्या दिवशी एकाच घरातले भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत म्हणतात. शिवाय तिघांना अनुदान एकाच विधिमंडळाकडून. एकाला चार पैसे जास्त मिळाले की दुसऱ्याच्या पोटात दुखायचं. अशा तिघांनी १९६६मध्ये मिळून एक ना-नफा संस्था काढली. नाव ठेवलं मिशिगन एज्युकेशनल रिसर्च इन्फर्मेशन ट्रायड. ट्रायड म्हणजे त्रिकूट. आद्याक्षरं जुळवली की होतं ‘मेरिट’.

एकत्र का आले? तर संगणक परवडत नव्हता म्हणून. साठच्या दशकातला मोठा संगणक म्हणजे अख्खा मजला व्यापणारं, लाखो डॉलरचं यंत्र. एका विद्यापीठात एक असला तरी डोक्यावरून पाणी. त्यात प्रत्येकाचं यंत्र वेगळं. एखादी आज्ञावली मिशिगन स्टेटच्या यंत्रावर उत्तम चालायची, पण ॲन आर्बरच्या प्राध्यापकाला ती हवी असेल, तर साधारण शंभर किलोमीटर गाडी हाकत जायचं, नाहीतर सगळं पुन्हा लिहून काढायचं.

ही अडचण काय असते हे मी थोडं भोगलंय. सत्तरच्या दशकात माझं आकडेमोडीचं काम होतं आणि जवळ पुरेसं मोठं यंत्र नव्हतं. पंचकार्डांचा गठ्ठा रबरबँडने बांधून, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची. तिथे गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि निकालाची वाट बघायची. एखाद्या कार्डावर स्वल्पविराम चुकलेला निघाला की निकाल म्हणून हातात एकच ओळ येणार : चूक. मग पुन्हा छिद्रं पाडा, पुन्हा रांगेत उभे राहा. कार्डांचा गठ्ठा फलाटावर सांडून क्रम बिघडलेली माणसंही मी पाहिलीत. (तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर अशी कार्डं किंवा त्या काळच्या संगणक केंद्राच्या नोंदवह्या असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका. मंडळाकडे द्या.)

आता हिशेब बघा. एका कार्डावर ८० अक्षरं. दोन हजार कार्डांची पेटी म्हणजे १ लाख ६० हजार अक्षरं. मेरिटच्या पहिल्या जोडण्या टेलिफोनच्या साध्या ताराच होत्या, एका तारेवरून सेकंदाला २००० बिट. म्हणजे अख्खी पेटी एका तारेवरून अकरा मिनिटांत दुसऱ्या गावी. आजच्या मानाने ही गोगलगाय आहे. पण रात्रभर मांडीवर पेटी घेऊन बसलेल्या माणसाला विचारा!

संस्था १९६६ची असली तरी पैसा उभा राहायला तीन-चार वर्षं गेली. मधल्या काळात, जुलै १९६७मध्ये, डेट्रॉइट पेटलं होतं. त्या दंगलीत ४३ माणसं मेली. अशा वेळी विधिमंडळाकडे जाऊन संगणकांच्या तारांसाठी पैसे मागणं सोपं नसणार. तरी राज्याने ४ लाख डॉलर दिले, आणि नॅशनल सायन्स फाउंडेशन या केंद्र सरकारच्या विज्ञानसंस्थेने तेवढीच भर घातली. १९६९मध्ये मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक बर्ट्राम हर्झॉग संचालक झाले, आणि मग खरं काम सुरू झालं.

काम काय होतं, ते मोडीच्या अभ्यासकांना चटकन कळेल. ॲन आर्बर आणि डेट्रॉइटला आयबीएमची यंत्रं होती, मिशिगन स्टेटला सीडीसी ६५००. आयबीएमचं यंत्र ३२ बिटांचा शब्द धरून चालायचं, सीडीसीचं ६० बिटांचा. एकाचं अक्षर आठ बिटांत, दुसऱ्याचं सहा बिटांत. ‘क’ लिहायची दोघांची पद्धत वेगळी, आकडा मांडायची वेगळी. सीडीसीच्या यंत्रात तर शून्यही दोन प्रकारचं असायचं, अधिक शून्य आणि उणे शून्य! एकाने मोडीत लिहावं आणि दुसऱ्याला फक्त बाळबोध यावं, तशातला प्रकार. नुसती तार ओढून भागणारं नव्हतं. मधे दुभाषा हवा होता.

हा दुभाषा म्हणून प्रत्येक विद्यापीठात एक लहान संगणक बसवला गेला, डिजिटल कंपनीचा पीडीपी-११. मोठ्या यंत्राला तो जोडण्याची सामग्री ॲन आर्बरच्याच ॲप्लाइड डायनॅमिक्स कंपनीने तयार केली. आज्ञावली मेरिटच्या आणि विद्यापीठांच्या माणसांनी स्वतः लिहिली. मोठ्या यंत्राने निरोप दिला की हा छोटा त्याचे तुकडे करी, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घाली आणि तारेवर सोडी. पलीकडचा छोटा ते जुळवून आपल्या मालकाला समजेल अशा रूपात देई. वाटेत तुकडा बिघडला तर पुन्हा मागून घेई. आर्पानेटवरही तत्त्व हेच होतं, पण तिथे जोडण्या होत्या सेकंदाला ५० हजार बिटांच्या भाड्याच्या तारांच्या. मिशिगनचं काम गरिबीतलं. मला विचाराल तर त्यातच त्याची गंमत आहे.

१४ डिसेंबर १९७१ला ॲन आर्बर आणि डेट्रॉइटच्या यंत्रांमध्ये पहिली जोडणी झाली. ही दोन्ही यंत्रं एका जातीची, त्यामुळे तुलनेने सोपी. सीडीसीला घेऊन त्रिकूट पुरं व्हायला ऑक्टोबर १९७२ उजाडला. इमारतीवर कोनशिला बसली नाही, फीत कापल्याचा फोटो जगभर गेला नाही. डेट्रॉइटमध्ये टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर बसलेला विद्यार्थी आता ॲन आर्बरच्या यंत्राशी बोलू शकत होता, एवढंच.

तांत्रिक गाठ सुटली तरी दुसरी होतीच. आमच्या विद्यार्थ्याने तुमच्या यंत्रावर काम चालवलं, तर त्याचं बिल कोणी भरायचं? सगळेच तुमच्याकडे पळाले आणि आमचं यंत्र रिकामं राहिलं, तर आमच्या कुलगुरूंनी विधिमंडळाला काय सांगायचं? अशा प्रश्नांना तार उपयोगी पडत नाही. तिथे टेबलाभोवती बसून वाद घालावा लागतो, हिशेब ठेवावे लागतात, परस्परांचे नियम मान्य करावे लागतात. मेरिट कोणा एका विद्यापीठाचं खातं नव्हतं, तिघांच्या सामायिक मालकीची संस्था होती. म्हणून हे वाद मिटत गेले, नाहीतर तीन वर्षांत तिघं तीन दिशांना गेली असती. १९७४पासून सूत्रं एरिक ऑपर्ली या अभियंत्याकडे आली, आणि पुढे पंचवीसाहून अधिक वर्षं ती त्यांच्याच हाती होती. आपल्याकडच्या जुन्या दिवाणांइतकी प्रदीर्घ कारकीर्द!

इथे कहाणीला वळण मिळतं. ज्या कारणासाठी जाळं बांधलं ते कारणच हळूहळू विरलं. सत्तरच्या दशकात लहान संगणक स्वस्त होत गेले, विभागाविभागात येऊ लागले. दुसऱ्याचं मोठं यंत्र उसनं घेण्याची निकड कमी झाली. कागदावर बघितलं तर मेरिटची गरज संपायला हवी होती. उलट ते वाढलं. कलामाझूचं वेस्टर्न मिशिगन विद्यापीठ आलं, मग राज्यातली इतर विद्यापीठं. टेलेनेटसारख्या व्यापारी जाळ्यांशी जोडणी झाली, तेव्हा देशातल्या दुसऱ्या टोकावरूनही मिशिगनची यंत्रं गाठता येऊ लागली. टर्मिनल जोडलं की समोर प्रश्न उमटायचा, ‘व्हिच होस्ट?’, म्हणजे कुणाकडे जायचंय? लहान गावातल्या माणसाने जवळच्या क्रमांकावर फोन लावावा आणि या प्रश्नाला उत्तर देऊन राज्यातल्या हव्या त्या विद्यापीठात शिरावं, ही सोय त्या काळी अपूर्वच होती.

आणि शिरून लोक करायचे काय? आकडेमोड तर करायचेच, पण गप्पाही मारायचे. १९७५मध्ये मिशिगन विद्यापीठात रॉबर्ट पार्न्स यांनी ‘कॉन्फर’ नावाची आज्ञावली केली. एकाने विषय मांडायचा, बाकीच्यांनी आपापल्या वेळेला येऊन त्याखाली मत लिहायचं. कट्टाच म्हणा ना. यंत्रं वाटून घेण्यासाठी ओढलेल्या तारांवरून माणसं एकमेकांना गाठू लागली होती.

त्यानंतरची दहाएक वर्षं मी भरभर सोडून देतो. नवी यंत्रं आली, नवे सभासद आले. त्यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच. मेरिटचं स्वतःचं घरचं बोलणं होतं, त्याच्या जोडीला त्यांनी टीसीपी-आयपी ही बाहेरच्या जगाची भाषाही आत्मसात केली. हट्ट धरला नाही. अनेक जाळी नेमक्या याच हट्टापायी मेली.

१९८६मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनने आपली महासंगणक केंद्रं जोडणारं जाळं सुरू केलं, एनएसएफनेट. त्याची वाट सेकंदाला ५६ हजार बिटांची. ती लगेच तुंबली. पुढच्या वर्षी त्यांनी नव्या राजमार्गासाठी प्रस्ताव मागवले, आणि नोव्हेंबर १९८७मध्ये काम मिळालं मेरिटला. सोबत आयबीएम यंत्रांसाठी, एमसीआय ही टेलिफोन कंपनी तारांसाठी, आणि मिशिगन राज्याचा निधी. फाउंडेशनची मंजुरी होती पाच वर्षांसाठी १ कोटी ४० लाख डॉलरची. राज्याने वर ५० लाख घातले. एका राज्यातल्या विद्यापीठांची संस्था अख्ख्या देशाचा राजमार्ग बांधणार होती! पण विचार केला तर दुसरं होतं कोण? वेगवेगळ्या जातीची यंत्रं आणि वेगवेगळ्या तोऱ्याचे मालक यांना एका तारेवर नांदवण्याचा पंधरा वर्षांचा सराव त्यांच्याकडे होता.

आठ महिन्यांत, जुलै १९८८मध्ये, नवा मार्ग चालू झाला. तेरा ठाणी, सेकंदाला १५ लाख बिटांच्या तारा. प्रत्येक ठाण्यावर आयबीएमचे नऊ लहान संगणक एकत्र जोडून वाहतूक वळवली जायची. ॲन आर्बरमध्ये रात्रंदिवस पहारा. रचना तीन पायऱ्यांची होती : खाली विद्यापीठाचं आवार, मधे प्रादेशिक जाळं, वर राजमार्ग. मधल्या पायरीवर मेरिटचीच भावंडं होती, नेब्रास्काच्या बाजूला मिडनेट, वायव्येला नॉर्थवेस्टनेट, दक्षिणेला सुरानेट, टेक्ससला सेस्क्विनेट, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात बारनेट. विद्यापीठांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही मधली फळी नसती, तर राजमार्गाला गावंच लागली नसती. इतिहासात मात्र हिचं नाव तळटीपेतही सापडत नाही.

वाहतूक किती वाढली? ऑगस्ट १९८८मध्ये महिन्याला साडेएकोणीस कोटी तुकडे जात होते. नोव्हेंबर १९९२मध्ये ते २४००कोटींच्या जवळ पोचले. तोवर तारा ४.५ कोटी बिटांच्या झाल्या होत्या.

याच काळात आपल्याकडे एर्नेट उभं राहत होतं. १९८६चा तो प्रकल्प, दिल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीचा. पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, मुंबईत जुहूचं एनसीएसटी. आपल्याकडे सुरुवात वरून झाली, निवडक संस्थांपासून. राज्यातल्या विद्यापीठांनी वर्गणी काढून खालून बांधत नेणं हा मिशिगनचा मार्ग वेगळा. आपल्या परिस्थितीत वरूनच होणं भाग होतं असं काही जण म्हणतील. मला ते पूर्ण पटत नाही. महाराजांच्या ग्रंथालयांत गावाने आपला वाटा उचलल्यावर दरबार आपला वाटा घालायचा, हे वडोदऱ्यात तरी विसरू नये.

आता मेरिटच्या इतिहासातलं अवघड पान. एनएसएफनेट सरकारी पैशाचं, म्हणून त्यावर नियम होता की वाहतूक शिक्षण-संशोधनाचीच हवी, धंद्याची नाही. सप्टेंबर १९९०मध्ये मेरिट, आयबीएम आणि एमसीआय यांनी मिळून एएनएस नावाची वेगळी ना-नफा कंपनी काढली आणि राजमार्ग चालवण्याचं काम तिच्याकडे दिलं. पुढच्याच वर्षी तिने नफ्याची एक उपकंपनी काढली, व्यापारी गिऱ्हाइकांना त्याच तारांवर जागा विकायला. इतर जाळेवाल्यांनी बोंब मारली. सार्वजनिक रस्ता तुम्ही सांभाळायचा आणि नाक्यावर पावती फाडायलाही तुमचाच माणूस? १९९२मध्ये प्रकरण अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेलं, नंतर फाउंडेशनच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली. मेरिटची बाजू अशी की व्यापाऱ्यांचा पैसा आला तरच रस्ता रुंद होईल आणि विद्यापीठांचा बोजा हलका होईल. ते खोटं नव्हतं. पण माझ्या मते तक्रारदारांचं म्हणणंही रास्त होतं. जी संस्था पंचवीस वर्षं ‘सगळ्यांची’ म्हणून टिकली, तिने मालकी धूसर होईल अशी व्यवस्था का स्वीकारावी? १९९५मध्ये अमेरिका ऑनलाइनने एएनएसची मालमत्ता साडेतीन कोटी डॉलरला विकत घेतली.

त्याच वर्षी, ३० एप्रिल १९९५ला, एनएसएफनेटचा राजमार्ग बंद करण्यात आला. वाहतूक खासगी कंपन्यांच्या तारांवर गेली. बंद होताना त्याच्याशी ९३ देशांतली ५० हजारांहून जास्त जाळी जोडलेली होती. ज्याला आपण इंटरनेट म्हणतो ते आपल्या घरी आलं ते यानंतर. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने भारतात सेवा सुरू केली, म्हणजे अवघ्या साडेतीन महिन्यांनी.

मेरिटच्या कामाची एक खूण मात्र आपल्या रोजच्या वापरात आहे. १९९१मध्ये त्यांच्यापुढे प्रश्न होता : राज्यभरातून फोन लावून आत येणारा माणूस खरा सभासद आहे की नाही हे कसं ओळखायचं? त्यांनी उपाय मागवले. लिव्हिंगस्टन नावाच्या कंपनीने जी पद्धत दिली ती पुढे ‘रेडियस’ म्हणून जगभर गेली. आज कुठल्याही विद्यापीठात किंवा कचेरीत वाय-फायला नाव आणि परवलीचा शब्द घालता, तेव्हा मागे तपासणारा बहुतेक वेळा हाच रेडियस असतो.

राजमार्ग गेला, तरी मेरिट गेलं नाही. ते आपल्या राज्यात परतलं. फोनवरून जोडणी देण्याचं काम वाढवलं, शाळा आणि ग्रंथालयं जोडली. २००३पासून भाड्याच्या तारा सोडून स्वतःच्या काचतंतूंकडे वळलं. २०१०मध्ये मंदीनंतरच्या केंद्रीय निधीतून त्याला सुमारे १० कोटी डॉलर मिळाले, आणि त्यातून २२०० मैलांहून जास्त काचतंतू टाकला गेला, जिथे खासगी कंपन्यांना फायदा दिसत नव्हता अशा उत्तरेकडच्या विरळ वस्तीतही. मालकी आजही मिशिगनच्या सरकारी विद्यापीठांचीच आहे. ॲन आर्बर आणि ईस्ट लॅन्सिंगचा फुटबॉलचा सामना दर वर्षी होतो, आणि दोन्ही विद्यापीठं अजून एकाच तारेवर आहेत.